काटा पावच्या वर जात नाही

गाडीतून गरम हवा येत नाही, एवढंच दुखणं. ब्रेक लागत होते, दिवे लागत होते, हॉर्न तर असा वाजायचा की गल्लीतली कुत्री उठून बसायची. पंखाही फिरायचा. पण हीटरचं बटण लाल खुणेकडे कितीही पिळा, जाळीतून यायची ती थंडगार हवा. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर मी म्हटलं असतं, स्वेटर चढवा आणि गप्प बसा. पण याच गाडीतून आठवड्यातून तीनदा मी माझ्या बाबांना डायलिसिसला नेत होते, आणि रविवारी संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं की आता ते जाणार नाहीत.

मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळी सातला निघायचं, साठ किलोमीटर जायचं, चार तास मशीनला बांधून घ्यायचं आणि साठ किलोमीटर परत यायचं. मशीनमधून फिरून आलेलं रक्त अंगात शिरतं तेव्हा माणसाला आतून हिव भरतं. तिथल्या सिस्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की परत नेताना यांना ऊब पाहिजे. उन्हाळ्यात त्याचं काही वाटलं नाही. मग थंडी पडली, रस्त्याच्या कडेचं गवत सकाळी पांढरं दिसायला लागलं आणि आमचे हाल सुरू झाले. मी त्यांच्यावर दोन पांघरुणं घातली. पायांशी गरम पाण्याची पिशवी ठेवली, तर तिसऱ्याच फेरीला तिचं बूच सुटलं आणि मोजे भिजले. त्यानंतर तिचं नाव काढायचं नाही असं ठरलं. घरी पोचेपर्यंत त्यांचे ओठ निळे व्हायचे आणि दात असे वाजायचे की बोललेलं कळायचं नाही. पुढे दीड तास अंथरुणात थरथरणं. मी तळपाय चोळत बसायची आणि मनातल्या मनात गाडीला शिव्या घालायची. मनातल्या मनात कशाला, तोंडानेही घालायची.

गाडी बाबांची. आजारपणामुळे ते माझ्याकडे राहायला आले तेव्हा सामानाबरोबर तीही आली. माझी इथे कधी गाडी नव्हती. मी पडदे शिवते, पुढच्या खोलीत माझं मशीन आणि मागे घर, गाडी लागतेय कशाला. चालवायला मात्र बाबांनीच सोळाव्या वर्षी शिकवलं होतं. चाळीस वर्षं त्यांनी गॅरेज चालवलं, तेही अशा गावात जिथे दुपारी बॉनेटवर हात ठेवला तर चटका बसायचा. इथे लोक हिवाळ्याच्या नावाने बोटं मोडतात, तिथे उन्हाळ्याच्या नावाने मोडायचे. माझं डोकं लहानपणापासून तापट, म्हणून त्यांनी माझं नाव ठिणगी ठेवलं. गाडीच्या प्लगातून निघते ती. मी सत्तेचाळीस वर्षांची झाले, कानाशी केस पांढरे झाले, तरी त्यांच्यासाठी मी ठिणगीच आहे.

तर हीटर. गल्लीच्या टोकाला एक गॅरेजवाला आहे. माणूस सज्जन. हळू बोलणारा, आणि काही विचारलं की आधी हात पुसून मग उत्तर देणारा. त्याने मला समजावून सांगितलं की हीटर ही वेगळी शेगडी नसते. इंजिनाचं गरम पाणी बारीक नळ्यांच्या एका जाळीतून फिरतं, पंखा त्या जाळीवरून हवा सोडतो, झालं. तेव्हा एकतर पाणी कमी असेल, नाहीतर मध्ये हवेचा बुडबुडा अडकला असेल, नाहीतर जाळी तुंबली असेल, नाहीतर हवेची झडप उघडत नसेल. त्याने पाणी बघितलं, थोडं कमी होतं ते भरलं. बुडबुडा काढला. झडप उघडत होती. त्याच्या गॅरेजात गाडी पाऊण तास चालू ठेवली तेव्हा जाळीतून कोमट हवा यायला लागली. मी खूश होऊन गाडी घेऊन आले, आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या रस्त्याला लागल्यावर दहा मिनिटांत पुन्हा बर्फ.

मी तडक त्याच्या दारात जाऊन उभी राहिले आणि जे काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने हात पुसले. मग दोन दिवस गाडी ठेवून घेतली, जाळी उलट्या पाण्याने धुतली, तांबडं पाणी निघालं ते मला दाखवलं सुद्धा. गॅरेजात पुन्हा कोमट, रस्त्यावर पुन्हा बर्फ. तेव्हा तो म्हणाला की आता एकच राहिलं, थर्मोस्टॅट. म्हणजे एक छोटा व्हॉल्व्ह असतो, रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा. इंजिन तापेपर्यंत तो पाणी आतच अडवून धरतो, तापलं की उघडतो. तो उघडाच राहिला असेल तर पाणी गरम होणार कसं. त्याने तो खोलून बघू का म्हणून विचारलं.

मी घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबांना राग आला. त्यांच्या गाडीला दुसऱ्याचा हात लागतोय हेच त्यांना आधी सोसत नव्हतं. थर्मोस्टॅटचा काडीचा त्रास नाही म्हणावं, ते म्हणाले, ते काम मी माझ्या हाताने केलंय, त्या बाजूला कुणी पाना लावायचा नाही. मी हा निरोप गॅरेजवाल्याला पोचवला, वर पदरचं तिखट घालून. तुमच्या वयाइतकी वर्षं त्यांनी इंजिनं खोललीत, असंही म्हणाले. तो बिचारा वडीलधाऱ्या माणसाचा शब्द मोडणारा नव्हता. त्याने त्या बाजूला पाना लावला नाही. या एका वाक्यासाठी मी पुढे स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी अशी वेळ आली, पण ते नंतर.

असं करत दोन महिने गेले. शनिवारी परतताना वारं होतं. बाबा घरी आले ते बोलायचेच बंद. रविवारी दिवसभर पांघरुणातून बाहेर आले नाहीत, आणि संध्याकाळी मी त्यांना पाणी द्यायला गेले तर म्हणाले, "मंगळवारी मी येत नाही, ठिणगे. मेल्यावर गार पडायचंच आहे. त्याची आठवड्यातून तीनदा तालीम कशाला?"

मी ओरडले. मला दुसरं काय येतं. जाणार नाही म्हणजे काय, मी काय म्हणून इतकं करते, आई असती तर अशी हिंमत झाली असती का, सगळं बोलून झालं. ते ऐकत राहिले. भांडले असते तर मला धीर आला असता, पण ते भांडले नाहीत. हातातला पेला त्यांनी अर्धा पिऊन परत दिला, कारण त्यांचं दिवसाचं पाणी मोजून असतं, आणि भिंतीकडे वळले. मी बाहेर येऊन सिस्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, एक वेळ चुकली तर दम लागेल. दोन चुकल्या तर मला विचारू नका. मला भाऊ नाही, बहीण नाही, आई जाऊन सहा वर्षं झाली. हा एक म्हातारा आहे, आणि तो मशीनला कंटाळला नव्हता, सुयांना कंटाळला नव्हता, तो थंडीला कंटाळला होता. एका जुन्या गाडीच्या हीटरपायी माझा बाप जाणार होता, हे मला कुठल्याच बाजूने गिळता येत नव्हतं.

रविवारी पुन्हा बघायला नेलेली गाडी सोमवारी सकाळी गॅरेजवाला दारात घेऊन आला. निकाल असा होता की आतली जाळीच बदलायला हवी, पुढचा सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागेल, आणि जाळी यायला आठ दिवस. आठ दिवस म्हणजे तीन फेऱ्या. मी तिथल्या तिथे पायरीवर बसले. तेवढ्यात मागे काठी वाजली. बाबा शालीत गुंडाळून दारात आले होते. खिडकीतून त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि मरणाला तयार झालेला माणूस असला तरी त्याच्या गाडीला कुणी मोडकी म्हटलेलं त्याला चालणार नव्हतं.

"इंजिनाला नावं ठेवू नका," ते म्हणाले. "अकरा वर्षांची गाडी आहे. माझ्या हाती आल्यापासून तापमानाचा काटा कधी पावच्या वर गेला नाही."

गॅरेजवाल्याने खिशातून फडकं काढलं आणि हात पुसायला लागला. या वेळी जरा जास्तच वेळ पुसले. मग त्याने विचारलं की कधीच नाही का. बाबा ताठ झाले. भर उन्हाळ्यात, चढावर, पाच माणसं आणि मागे पोती घालून, तरी पावच्या वर नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या गॅरेजातून गेलेली कुठलीच गाडी कधी तापली नव्हती, म्हणून लोक तीन तीन गावांहून यायचे.

"काका," गॅरेजवाला अगदी हळू म्हणाला, "तो अर्ध्यावर यायला पाहिजे. थर्मोस्टॅट आहे ना आत?"

"छे. नऊ वर्षांपूर्वीच काढून टाकलाय."

"मग त्याचा त्रास नाही म्हणालात ते?"

"जो नाहीच तो त्रास काय देणार?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तिथेच अडकून बसली, कारण बाबा मनापासून बोलत होते. त्यांनी थाप मारली नव्हती. त्या गरम गावात हा व्हॉल्व्ह म्हणजे गाड्यांचा वैरी. एकदा बंद अवस्थेत अडकला की रस्त्यात इंजिन उकळून बसतं. म्हणून त्यांच्या अख्ख्या गल्लीत रीतच होती, गाडी पहिल्यांदा आली की आधी तो काढायचा, मग बाकीचं काम. पाणी सतत फिरत राहतं, इंजिन गार राहतं, गिऱ्हाईक खूश. हीटरचं बटण तिथे कुणी फिरवत नसे. कुणी त्याला किल्ली अडकवायचं, कुणी पिशवी. चाळीस वर्षांत बाबांकडे एकही माणूस हीटर चालत नाही म्हणून आला नव्हता. आणि इथल्या गॅरेजवाल्याने जन्मात अशी गाडी पाहिली नव्हती जिच्यात तो व्हॉल्व्हच नाही. इथे तो काढणं म्हणजे ऐन थंडीत घराचं दार काढून ठेवणं. म्हणजे दोघेही आपापल्या गावापुरते बरोबर होते, आणि मध्ये मी, ओरडून ओरडून निरोप पोचवणारी.

बाबांना कळायला थोडा वेळ लागला. ते गाडीकडे बघत राहिले. गॅरेजात उभी असताना कोमट आणि रस्त्यावर थंड का, हे त्यांनी स्वतःशीच पुटपुटून जुळवलं. उभ्या गाडीला वारा नाही, म्हणून पाणी थोडं तापतं. रस्त्यावर वारा लागतो, पाणी अडवणारं कुणी नाही, सगळं गार. मग त्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले.

"म्हणजे दोन महिने मीच मला गारठवतोय," ते म्हणाले.

गॅरेजवाल्याने पटकन विषय बदलला, ते त्याचे उपकार. नवा व्हॉल्व्ह मागवायला लागेल, या जुन्या गाडीचा इथे मिळत नाही, शुक्रवारपर्यंत येईल. तोवर रेडिएटरपुढे पुठ्ठा लावून चालवा, थोडा फरक पडेल. त्याला स्वतःला लगेच निघायचं होतं, वळणावर एक ट्रक खड्ड्यात गेला होता आणि ओढायला याचीच गाडी. मी पुठ्ठा शोधायला उठले. पडद्याच्या कापडाचे तागे येतात त्यांचे पुठ्ठे माझ्याकडे ढिगाने.

"पुठ्ठा कशाला?" बाबा म्हणाले. "आहे माझ्याकडे तो."

आता तो डबा. बाबांचं सामान आणलं तेव्हा त्यांच्या खाटेखाली एक पत्र्याचा डबा निघाला होता, दोन हातांनी उचलायला लागेल असा. आत तेलकट कागदात गुंडाळलेल्या पितळी चकत्या. मी म्हटलं भंगार आहे, टाकू. यावरून आमचं जे वाजलं त्यानंतर दोन दिवस अबोला होता. शेवटी डबा आला आणि माझ्याच घरात खाटेखाली गेला, झाडू मारताना रोज माझ्या पायाला लागायला. ते सगळे काढलेले व्हॉल्व्ह होते. त्रेसष्ट. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, गाडीचा नंबर, तारीख, मालकाची खूण आणि असला तर त्याचा फोन. शाळामास्तर. पिठाची गिरणी. मोठ्या मिशा. कारण वस्तू गिऱ्हाइकाची, काढली म्हणून आपली होत नाही, उद्या मागायला आला तर देता आली पाहिजे. चाळीस वर्षांत मागायला कुणी आलं नाही. मी तो डबा ओढून बाहेर काढला आणि आम्ही दोघं फरशीवर बसून चिठ्ठ्या वाचायला लागलो. तळाशी एक सापडली, तिच्यावर फक्त 'घरची' लिहिलेलं.

नऊ वर्षं डब्यात पडलेला व्हॉल्व्ह चालेल का, हे कळायला एकच मार्ग. स्वयंपाकघरात जा, पातेल्यात पाणी ठेवा आणि त्याला उकळा. थंडीत बंद, उकळत्या पाण्यात उघडा, तर जिवंत. मी मोठं पातेलं काठोकाठ भरून गॅसवर चढवलं. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले.

"मला दिवसाला अर्धी बाटली," ते म्हणाले, "आणि या पितळेला पातेलंभर."

रविवारपासून त्यांनी केलेला हा पहिला विनोद होता. मी हसले नाही, कारण हसले असते तर रडले असते. चिमट्याने व्हॉल्व्ह पाण्यात सोडला. पाण्यावर वाफ आली, तळाशी बुडबुडे धरले. चकती तशीच बंद. बुडबुडे वर यायला लागले. चकती बंद. बाबा इतके वाकले की त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली. पाणी खदखदायला लागलं आणि मी म्हटलं, मेलाय तो. त्यांनी ओट्यावरचा डाव घेतला आणि पातेल्यात घालून चकतीला टकटक केलं, दारावर करावं तसं. दोनदा. तिसऱ्यांदा. मग ती मधली गोल झाकणी हलली, स्प्रिंग दबली, आणि एका बाजूला बारीक फट दिसली. बघता बघता फट करंगळीएवढी झाली. मी तो थंड पाण्यात टाकला, तर मिटला. पुन्हा उकळत्यात टाकला, तर या वेळी डाव न लावता उघडला. बाबा खुर्चीत मागे टेकले. नऊ वर्षांनी जागा झाला म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

आणखी एक घोडं अडलं. व्हॉल्व्ह बसवला की त्यावर जाड कागदाचं पॅकिंग लागतं, नाहीतर पाणी गळतं. ते आमच्याकडे नव्हतं. माझ्या ताग्यांचा एक पुठ्ठा बाबांनी बोटांनी वाकवून बघितला आणि हा चालेल म्हणाले, तेलात भिजवला की. व्हॉल्व्हवर जे झाकण बसतं त्याच्या मापाने तो कापायचा, बोल्टच्या दोन भोकांसकट. आणि मग त्यांनी हात पुढे केला आणि माझी कात्री मागितली.

माझी कात्री म्हणजे काय ते घरात सगळ्यांना माहीत आहे. ती फक्त कापडाला लागते. कागदाला लागली की धार जाते, आणि लावणाऱ्याची मी काय दशा करते हे बाबांनी एकदा अनुभवलं आहे, औषधाचं पाकीट कापलं होतं तेव्हा. म्हणून मागताना त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मी पुढच्या खोलीत गेले, कात्री आणली आणि त्यांच्या हातात दिली. सुयांनी टोचून टोचून त्यांचा डावा हात सुजलेला असतो, कित्येक महिने त्यांनी पेल्यापेक्षा जड काही उचललं नव्हतं. त्या हाताने पुठ्ठा धरून त्यांनी तो तुकडा इतका नेटका कापला की मलाही तसा जमला नसता. कात्रीची धार गेली ती गेलीच. पुढच्या आठवड्यात लावून आणली.

दुपारी अंगणात ऊन आलं तेव्हा कामाला लागलो. बाबा स्टुलावर, अंगावर दोन पांघरुणं, हातात काठी. काठीचं काम मला दाखवण्याचं. इंजिनाच्या पुढच्या बाजूला वरचा जाड पाइप जिथे शिरतो तिथे एक छोटं झाकण, दोन बोल्टवर. पहिला बोल्ट सुटला. दुसरा सुटेना. पाना निसटला आणि माझी बोटं सोलली गेली, आणि मी जे बोलले ते ऐकून शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. बाबा शांतपणे म्हणाले की जोर मनगटाने नाही, खांद्याने लावायचा, आणि रागाने तर अजिबात नाही, बोल्टला राग कळत नाही. खांद्याने लावला, सुटला. झाकण उचललं तर आत नुसतं भोक. जिथे व्हॉल्व्ह बसायचा तिथे नऊ वर्षं मोकळी खाच. बाबांनी काठी टेकून उठून ती स्वतः बघितली.

व्हॉल्व्हची स्प्रिंग आत, त्याच्या कडेची छोटी खीळ वरच्या अंगाला, मग पॅकिंग, मग झाकण, बोल्ट एकदा इकडचा एकदा तिकडचा आवळायचा. पाणी भरलं, टोपण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. बुडबुडे येऊन थांबले तशी मी टोपण लावलं. बाबांना पुढच्या सीटवर बसवलं आणि मी स्टिअरिंगवर बसले. हीटर लाल खुणेवर. पंखा सुरू. थंड हवा.

काटा तळाशी होता. मग हलला. पावपर्यंत आला आणि पावच्या पुढे निघाला. मी बाबांकडे बघितलं तर त्यांनी डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला होता. चाळीस वर्षं हा माणूस ज्या गोष्टीला भ्याला ती त्याच्या डोळ्यांदेखत होत होती. त्यांचा हात किल्लीकडे गेला सुद्धा. मी तो धरून ठेवला. काटा वर गेला, अजून वर गेला, बरोबर अर्ध्यावर येऊन थांबला आणि तिथेच राहिला. बाबांनी श्वास सोडला. आणि तेव्हाच जाळीतून हवा बदलली. आधी कोमट, मग ऊन, मग चक्क गरम, धुळीचा जुना वास असलेली, पायांवर, गुडघ्यांवर, तोंडावर. माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगते, मी त्या जाळीवर हात ठेवून बसले आणि मला हसूही येत होतं आणि नाकही गळत होतं. बाबांनी बूट काढले, मोजे काढले आणि पाय हवेखाली धरले. अर्धा तास आम्ही अंगणातल्या अंगणात तसेच बसून राहिलो.

मंगळवारचं काय, हे मी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड बंद ठेवलं. जिभेवर दहा वेळा आलं आणि दहा वेळा गिळलं. सकाळी साडेसहाला मी गाडी चालू करून तापायला ठेवली आणि आत आले, तर ते कोट घालून, मफलर गुंडाळून पलंगाच्या कडेवर बसलेले. माझ्याकडे न बघता म्हणाले की रस्त्यावर वाऱ्यात काटा कुठे राहतो ते बघितल्याशिवाय काम पुरं झालं म्हणता येत नाही. तेवढं बघायला येतो. मशीनचं मग बघू. मी म्हटलं, बघू.

साठ किलोमीटर त्यांनी रस्ता बघितला नाही, काटा बघितला. तो अर्ध्यावरून रेसभरही हलला नाही. दवाखान्याच्या दारात गाडी थांबली तेव्हा त्यांनी स्वतः दार उघडलं आणि काठी टेकत आत गेले. सिस्टरांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी खांदे उडवले.

परतीच्या वाटेची मला भीती होती. खरी परीक्षा तीच. चार तासांनी ते बाहेर आले तेव्हा नेहमीसारखे पांढरेफटक, दात वाजायला लागलेले. गाडी मी आधीच तापवून ठेवली होती. पांघरुणं घातली, निघाले. पाच किलोमीटरवर दात थांबले. दहावर त्यांनी एक पांघरूण मागे टाकलं. पंधरावर दुसरं. मग मफलर निघाला, कोटाची बटणं सुटली. बाहेर शेतं पांढरी होती, झाडांवरून पाणी गोठून लोंबत होतं, आणि माझे बाबा कानशिलावरून बोट फिरवून घाम बघत होते.

"ठिणगे," ते म्हणाले, "जरा खिडकी खाली कर. उकडतंय."

मी खिडकी खाली केली. काय गार वारा आत आला. मी कुडकुडले आणि मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. त्यांनी थोडा वेळ वारा घेतला, मग स्वतःच काच वर केली. मग डोळे मिटले, मला वाटलं झोप लागली. पण ते विचार करत होते. शाळामास्तर निवृत्त होऊन मुलीकडे डोंगरात राहायला गेलाय, म्हणाले. गिरणीवालाही तिकडेच कुठेतरी वर, थंडीतच. त्यांच्याही गाड्यांचे हीटर चालत नसणार, आणि दोघंही कुठल्यातरी गॅरेजवाल्याच्या डोक्यावर बसले असणार. मी म्हटलं, असतील, मग. ते म्हणाले, मग काय, फोन करून सांगायला नको? चार तास तिथे नुसतं छताकडे बघत पडून राहायचं, त्यापेक्षा एकेकाला लावतो. चिठ्ठ्यांवर सगळं लिहिलंय.

"गुरुवारी निघताना तो डबा गाडीत ठेव," ते म्हणाले. "विसरशील, आत्ताच लक्षात ठेव."

मी म्हटलं, ठेवते. मग गाडी कडेला घेतली, कारण समोरचा रस्ता मला नीट दिसत नव्हता. त्यांनी काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं काही नाही, काच धुकटली. त्यांनी हात पुढे करून हवेचं बटण काचेकडे वळवलं, आणि गरम हवा काचेवर यायला लागली.